हौशी बालनर्तकांसाठी चेता-स्नायू वॉर्म-अप : पुरावे, भूमिका आणि उरलेले प्रश्न

१. प्रश्नाची व्याप्ती

उल्हासनगरपासून अंबरनाथमार्गे बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात, आणि विशेषतः अंबरनाथ-बदलापूर या स्थानकांच्या मध्ये नव्या गृहसंकुलांनी भरत चाललेल्या चिखलोली परिसरात, नृत्यशिक्षण हे आता मोजक्या घरांपुरते राहिलेले नाही. कथक आणि भरतनाट्यम् यांच्या जोडीला चित्रपटगीतांवरील नृत्य, हिप-हॉप, नवरात्रीपूर्वीचे गरब्याचे वर्ग आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बसविले जाणारे समूहनृत्य असे अनेक प्रकार मुले शिकतात. यातील बहुतेक मुले व्यावसायिक नर्तक होण्यासाठी नव्हे, तर आवड म्हणून, व्यायाम म्हणून किंवा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देण्यासाठी येतात. सर्वसाधारणपणे आठवड्यातून दोनदा, तासाभराचा वर्ग हे त्यांच्या शिक्षणाचे परिमाण असते. प्रस्तुत लेखात ‘हौशी बालनर्तक’ ही संज्ञा अशा सहा ते सोळा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी वापरली आहे.

या मुलांच्या वर्गाची सुरुवात कशी व्हावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु क्रीडावैद्यकशास्त्रात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेल्या संशोधनामुळे त्याला महत्त्व आले आहे. अंग गरम करणे आणि हातपाय मोकळे करणे एवढाच वॉर्म-अपचा जुना अर्थ होता. चेता-स्नायू वॉर्म-अप ही त्यापुढची कल्पना असून, स्नायू किती बळकट आहेत यापेक्षा मज्जासंस्था त्यांना योग्य क्षणी, योग्य क्रमाने आणि योग्य प्रमाणात कामाला लावते की नाही, यावर तिचा भर असतो. अशा कार्यक्रमात साधारणपणे चार घटक येतात : एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम, पोट, कंबर, खुबा आणि मांडी यांच्या बळकटीचे व्यायाम, उडी मारून गुडघे आत न वळू देता मऊपणे जमिनीवर टेकण्याचा सराव, आणि दिशा बदलताना शरीरावर ताबा ठेवण्याचा सराव. डोळे मिटले तरी आपला पाय कोठे आणि कोणत्या कोनात आहे हे शरीराला कळते, त्या अंगस्थितीच्या जाणिवेला धार आणणे हा या सर्वांमागचा समान हेतू होय.

२. पार्श्वभूमी : मैदानावर तयार झालेली पद्धत

ही पद्धत नृत्यात जन्मली नाही. मुलींच्या फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलिबॉलमध्ये गुडघ्याच्या पुढच्या क्रूसबंधाला, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत जोडणाऱ्या अस्थिबंधाला, होणाऱ्या इजा रोखण्यासाठी अमेरिकेत १९९० च्या दशकात जे प्रयत्न झाले, त्यांतून तिची रूपरेषा तयार झाली. पुढे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, ओस्लो आणि सांता मोनिका येथील संशोधकांच्या साहाय्याने २००६ च्या सुमारास ‘११+’ या नावाचा कार्यक्रम सिद्ध केला. हळू धावणे, मग बळकटी, तोल व उड्या, आणि शेवटी वेगाने धावणे अशा तीन टप्प्यांत त्याचे पंधरा व्यायाम विभागलेले असून, तो सुमारे वीस मिनिटांत पूर्ण होतो आणि आठवड्यातून किमान दोनदा करावा अशी शिफारस आहे.

या कार्यक्रमाची सर्वाधिक उद्धृत होणारी चाचणी नॉर्वेमध्ये तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या फुटबॉल संघांवर झाली आणि २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. १,८९२ खेळाडूंच्या या चाचणीत एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने, गंभीर दुखापतींचा जवळजवळ निम्म्याने आणि अतिवापरामुळे होणाऱ्या दुखापतींचा निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. मात्र चाचणीचे मुख्य लक्ष्य असलेल्या पायांच्या दुखापतींमध्ये दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही, ही गोष्ट या अभ्यासाचा दाखला देताना पुष्कळदा वगळली जाते. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेल्या याच कार्यक्रमाच्या बालआवृत्तीची चाचणी चार युरोपीय देशांत होऊन २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि त्यांत एकूण दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्याचे नोंदविले गेले.

हौशी नर्तकांच्या दृष्टीने आणखी जवळचा पुरावा कॅनडातील कॅल्गरीचा आहे. तेथील शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाच्या तासाला असाच कार्यक्रम राबविण्यात आला, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो मुलींमध्ये परिणामकारक ठरला, तर मुलांमध्ये तसा परिणाम आढळला नाही. निवडक खेळाडूंऐवजी सर्वसाधारण शाळकरी मुलांमध्येही ही पद्धत रुजू शकते, हे या अभ्यासाने दाखविले. आपल्याकडच्या नृत्यवर्गांत मुलींची संख्या मोठी असते, हे लक्षात घेता त्याचे महत्त्व वाढते.

३. नर्तकांच्या दुखापती कोणत्या स्वरूपाच्या असतात

मैदानावरची पद्धत नृत्याला लागू करावयाची, तर दोन्हीकडच्या दुखापती सारख्या आहेत काय, हे आधी पाहावे लागते. ब्रिटनमधील तीन बॅले शाळांतील २६६ विद्यार्थ्यांचा एक वर्षाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर हजार तासांच्या नृत्यामागे १.३८ दुखापती आढळल्या आणि त्यांपैकी ७२ टक्के अतिवापराच्या होत्या. अतिवापराची दुखापत म्हणजे एखाद्या क्षणी पाय मुरगळणे नव्हे, तर त्याच त्या हालचालीचा भार पुनःपुन्हा पडल्याने कंडरा, हाड किंवा सांधा हळूहळू दुखू लागणे. बर्मिंगहॅम रॉयल बॅले या व्यावसायिक संस्थेतील नर्तकांमध्ये एकूण दुखापतींचा दर हजार तासांमागे ४.४ इतका होता.

हौशी मुलांबाबत स्वतंत्र माहिती कमी असली तरी ती अगदीच नाही असे नव्हे. इस्रायलमधील आठ ते सोळा वर्षांच्या १,३३६ अव्यावसायिक नर्तक मुलींच्या पाहणीत, जी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे ४३ टक्के मुलींना पूर्वी कधीतरी दुखापत झालेली आढळली आणि गुडघ्याच्या तक्रारी त्यांत ठळक होत्या. याउलट अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत १९९१ ते २००७ या काळात आलेल्या तीन ते एकोणीस वर्षांच्या नर्तकांच्या नोंदींमध्ये लचक आणि मुरगळ यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक होते. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत, कारण तातडीच्या विभागात मुरगळलेला घोटा जातो, महिनाभर कुरकुरणारा गुडघा जात नाही. दुखापत कोठे मोजली यावर तिचे चित्र अवलंबून असते.

भारतीय नृत्यांच्या बाबतीत मुंबईच्या परिसरातील संशोधन उल्लेखनीय आहे. नवी मुंबईतील एमजीएम फिजिओथेरपी संस्थेच्या रजनी मुल्लरपट्टण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व मंगळूर येथील नर्तकांची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात पाठ, गुडघा आणि घोटा ही दुखण्याची प्रमुख ठिकाणे असल्याचे दिसले. त्यानंतर शास्त्रीय नर्तकांच्या तोलाचा आणि चालीचाही अभ्यास याच गटाने केला. या नृत्यांच्या घडणीकडे पाहिले तर ही ठिकाणे अनपेक्षित नाहीत. भरतनाट्यम्‌मधील अरमंडीत गुडघे वाकवून आणि मांड्या बाहेर वळवून बराच वेळ राहावे लागते. हे वळण खुब्यातून आले नाही, तर त्याची भरपाई गुडघा आणि पाऊल पिळवटून केली जाते, आणि कंबरेचा बाकही वाढतो. कथकमध्ये अनवाणी पावलाचा सपाट आघात तत्कारात शेकडो वेळा होतो, घुंगरांचे वजन घोट्यावर असते आणि चक्करांमध्ये शरीराचा सगळा भार एका टाचेवर फिरतो. या दोन्ही शैलींत बॅलेसारख्या उंच उड्या थोड्या, आणि जमिनीवरचे आघात मात्र अगणित असतात.

४. तीन प्रमुख भूमिका

या पार्श्वभूमीवर हौशी बालनर्तकांच्या वॉर्म-अपबाबत स्थूलमानाने तीन भूमिका मांडल्या जातात.

पहिली भूमिका अशी की, मैदानावर सिद्ध झालेला चेता-स्नायू कार्यक्रम नृत्यानुरूप बदल करून स्वीकारावा. ब्रिटनमधील संशोधकांनी ‘११+’ च्या धर्तीवर किशोरवयीन नर्तकांसाठी तयार केलेला ‘११+ डान्स’ हा कार्यक्रम २०२२ मध्ये मांडला, तो याच विचारातून. या पक्षाचा युक्तिवाद असा की तोल, खुब्याभोवतीच्या स्नायूंचे बळ आणि जमिनीवर टेकताना गुडघ्याची दिशा या गोष्टी कोणत्याही शैलीला समान आहेत. शिवाय व्यावसायिक विद्यार्थ्याला अनेक तासांच्या सरावातून जे नियंत्रण आपोआप येते, ते आठवड्याला दोन तास नाचणाऱ्या मुलाला येत नसल्याने त्याला ते मुद्दाम शिकविणे अधिक गरजेचे आहे. या युक्तिवादाला एका वेगळ्याच अभ्यासातून आधार मिळतो. न्यूयॉर्कमध्ये २९८ बॅले आणि आधुनिक नर्तकांवर पाच वर्षे लक्ष ठेवून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्रूसबंधाची इजा केवळ बारा जणांना झाल्याचे आढळले, आणि लहानपणापासून मिळालेले उडीचे व तोलाचे शिक्षण हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले.

तोच अभ्यास दुसऱ्या भूमिकेच्या समर्थकांनाही उपयोगी पडतो. त्यांच्या मते नृत्याची पद्धतशीर तालीम हेच चेता-स्नायू प्रशिक्षण असून, वेगळ्या कार्यक्रमाची आवश्यकता नाही. भरतनाट्यम्‌मध्ये नमस्कारानंतर अडवू, म्हणजे पदन्यासाचे मूलभूत संच, तीन काळांत करणे, किंवा कथकमध्ये तीनतालाच्या सोळा मात्रांवर तत्कार ठाय लयीत सुरू करून दुगुन आणि चौगुनीपर्यंत नेणे, यांत हळूहळू वाढणारी तीव्रता, तोल, लयबद्ध भारवहन आणि शरीराच्या मांडणीकडे लक्ष हे सारे आधीच अंतर्भूत आहे. याच परंपरेत अनेक वर्गांत सूर्यनमस्कारांनी आरंभ होतो. बाहेरून आणलेल्या कवायतीमुळे मुलांचे नृत्याकडचे लक्ष उडते आणि आधीच अपुरा असलेला वेळ खर्च होतो, असा या पक्षाचा व्यावहारिक आक्षेप आहे. यावरचे प्रत्युत्तर असे की तत्कार आणि अडवू हे ज्या स्नायूंवर आणि सांध्यांवर पुढे भार पडणार आहे त्यांच्यावरच प्रथमपासून भार टाकतात. खुब्याच्या मागील व बाजूच्या स्नायूंचे किंवा पोटऱ्यांचे बळ ते वेगळे वाढवीत नाहीत, आणि मूल चुकीच्या मांडणीत अडवू करीत असेल तर पुनरावृत्तीने ती चूकच पक्की होते.

तिसरी भूमिका वॉर्म-अपला दुय्यम मानते. दुखापतींचा मोठा भाग अतिवापराचा असेल, तर उपाय वर्गाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत नसून भाराच्या नियोजनात आहे, असे या पक्षाचे म्हणणे. वर्षभर आठवड्याला दोन तास नाचणारी मुले डिसेंबर-जानेवारीच्या स्नेहसंमेलनापूर्वी किंवा नवरात्रीच्या आधी अचानक रोज दोन-तीन तास नाचू लागतात; वर्ग गृहसंकुलाच्या सभागृहात किंवा इमारतीच्या तळमजल्यावर, काँक्रीटवर बसविलेल्या टणक फरशीवर भरतात, आणि पावसाळ्यात ती फरशी ओलसर राहते. वाढीच्या वेगाचा काळ मुलींमध्ये साधारणतः अकरा-बारा वर्षांच्या आसपास आणि मुलांमध्ये त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी येतो. त्या वेळी हाडे स्नायूंपेक्षा वेगाने लांबतात, तोल तात्पुरता बिघडतो, आणि गुडघ्याखालच्या किंवा टाचेच्या वाढीच्या जागी दुखणे उद्भवते. या सर्वांकडे दुर्लक्ष करून केवळ वॉर्म-अपवर भिस्त ठेवणे अपुरे आहे, हा मुद्दा पहिल्या दोन्ही पक्षांनाही नाकारता येत नाही. मात्र नॉर्वेच्या चाचणीत अतिवापराच्या दुखापतीही घटल्या होत्या, त्यामुळे वॉर्म-अपचा अशा दुखापतींशी संबंधच नाही, असेही म्हणता येत नाही.

५. ताणण्यासंबंधीचा उपप्रश्न

वॉर्म-अपच्या चर्चेत स्नायू ताणण्याचा मुद्दा स्वतंत्रपणे येतो, कारण नृत्यवर्गांत लवचीकतेला मोठा मान असून, अंग थंड असतानाच पाय पसरून बसविण्याची किंवा पाठीवर दाब देऊन वाकविण्याची रीत अद्याप आढळते. एकच स्थिती धरून ठेवून स्नायू ताणणे याला स्थिर ताण म्हणतात, आणि हालचाल करीत सांध्याची कक्षा वाढविणे याला गतिशील ताण. एका स्नायूला साठ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ स्थिर ताण दिल्यास लगेचच्या उडीची व बळाची क्षमता काहीशी घटते, त्याहून कमी वेळ दिल्यास ही घट नगण्य असते, असे उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसते. नर्तकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात स्थिर आणि गतिशील ताणांचा संयोग केल्यावर तोल, उडी आणि सांध्याची कक्षा या तिन्हींचा समतोल चांगला राहिल्याचे आढळले. त्यामुळे स्थिर ताण निषिद्ध आहे असा निष्कर्ष निघत नाही. तो अंग गरम झाल्यावर, थोडक्या वेळासाठी, किंवा वर्ग संपल्यावर घ्यावा, आणि लवचीकता वाढविण्याचे उद्दिष्ट वॉर्म-अपच्या उद्दिष्टापासून वेगळे ठेवावे, याबाबत आता बऱ्यापैकी एकमत आहे.

६. अंमलबजावणीचे गणित

सिद्धान्तावर एकमत झाले तरी उपनगरी वर्गाच्या चौकटीत तो बसविण्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. तासाभराच्या वर्गात वीस मिनिटांचा कार्यक्रम घेतल्यास वर्गाचा तिसरा हिस्सा त्यात जातो. आठवड्यातून दोनच वर्ग असल्याने ‘११+’ च्या शिफारशीतील किमान मात्रा कशीबशी पूर्ण होते, आणि एक वर्ग बुडाला की तीही होत नाही. मात्रा पूर्ण होण्याचे महत्त्व नॉर्वेच्याच माहितीच्या पुढील विश्लेषणातून दिसले : ज्या संघांनी कार्यक्रम नेमाने केला, त्यांच्यातील खेळाडूंचा धोका तो मध्यम नियमितपणे करणाऱ्यांपेक्षा एक-तृतीयांशाहून अधिक कमी होता. म्हणजे कार्यक्रमात कोणते व्यायाम आहेत याइतकाच तो टिकतो की नाही हा प्रश्न निर्णायक ठरतो, आणि त्याचे उत्तर मुख्यतः वर्ग घेणाऱ्या ताईंच्या किंवा गुरुजींच्या हाती असते.

यातून मध्यममार्गी प्रस्ताव पुढे येतात. धावण्यासाठी जागा नसलेल्या सभागृहात पहिला टप्पा ठाय लयीतील पदन्यासाने भरून काढता येतो. एका पायावरचा तोल हस्तकांसह, आणि अर्ध्या बैठकीची बळकटी गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून, तालावरच करविता येते. महाराष्ट्रातील शाळांत परिचित असलेल्या लेझीमच्या बैठका आणि पावलेही त्यासाठी सोयीची आहेत. असे दहा ते पंधरा मिनिटांचे संक्षिप्त रूप मुलांना वर्गाचाच भाग वाटते. त्याची दुसरी बाजू अशी की मूळ कार्यक्रमाचा परिणाम ज्या स्वरूपात आणि ज्या मात्रेत मोजला गेला, त्यापासून हे रूप दूर जाते. त्यामुळे मूळ चाचण्यांतील टक्केवारी त्याला जशीच्या तशी लावता येत नाही.

प्रशिक्षकाच्या तयारीचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. बर्मिंगहॅम रॉयल बॅलेमध्ये प्रत्येक नर्तकाची तपासणी करून वैयक्तिक व्यायाम दिल्यावर तीन वर्षांत दुखापती घटल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तेथे पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट होते, आणि तुलनेसाठी वेगळा गटही नव्हता. वर्गात एकटी शिक्षिका वीस-तीस मुलांना शिकवीत असेल, तर गुडघा आत वळतो आहे हे ओळखणे आणि सुधारणे तिलाच करावे लागते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी ताल, बोल आणि अभिनय यांचे एकसारखे मोजमाप दूरदूरच्या वर्गांपर्यंत पोहोचविले आहे, आणि दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांना वाढीव गुण मिळत असल्याने पालकांचाही त्यांकडे ओढा आहे. शरीराच्या सुरक्षित मांडणीचे ज्ञान शिक्षकांपर्यंत नेण्याचा तो एक तयार मार्ग ठरू शकतो, असे सुचविता येते.

७. अनिर्णित राहिलेले मुद्दे

पहिला अनिर्णित मुद्दा मोजमापाचा आहे. आठवड्याला दोन तास आणि वर्षाला पंचेचाळीस आठवडे धरल्यास एक मूल वर्षाला नव्वद तास नाचते, आणि तीस मुलांच्या वर्गाचे एकूण २,७०० तास होतात. ब्रिटनमधील बॅले शाळांचा १.३८ हा दर केवळ हिशेबासाठी येथे लावला, तर अशा वर्गात वर्षाला तीन ते चार दुखापती अपेक्षित ठरतात. वॉर्म-अपने त्या एक-तृतीयांशाने घटल्या तरी फरक एखाद्या दुखापतीचाच पडतो, आणि तो योगायोगानेही पडू शकतो. म्हणून एखाद्या शिक्षिकेने आपल्या वर्गात वॉर्म-अप सुरू केल्यावर दुखापती थांबल्या असे सांगणे, किंवा काहीच फरक पडला नाही असे सांगणे, यांपैकी कोणतेही विधान पुरावा ठरत नाही. त्यासाठी अनेक वर्गांनी एकत्र येऊन एकाच पद्धतीने नोंद ठेवणे आवश्यक आहे.

दुसरा मुद्दा व्याख्येचा. ज्या दुखण्यामुळे वर्ग बुडाला तेच मोजावे, की वर्ग न बुडविता सहन केलेले दुखणेही मोजावे, यावर दुखापतीचा दर कित्येक पटींनी बदलतो. आणि दुखणे सांगणे म्हणजे कच्चेपणा दाखविणे अशी समजूत जेथे आहे, तेथे दुसऱ्या प्रकारचे दुखणे दडून राहते. तिसरा मुद्दा शैलीचा. आघातप्रधान, अनवाणी नृत्यासाठी उडीपेक्षा पोटरी, पाऊल आणि खुबा यांच्या सहनशक्तीवर भर द्यावा काय, घुंगरू वॉर्म-अपमध्येच बांधावेत की नंतर, आणि कोणत्या वयात कोणता व्यायाम सुरू करावा, यांवर शैलीनिहाय तुलनात्मक चाचण्या आवश्यक आहेत. चौथा मुद्दा परिणामाच्या निवडीचा : दुखापत घटणे हाच निकष धरावा, की तोल सुधारणे, नृत्याची गुणवत्ता वाढणे आणि मुलाने नृत्य मध्येच न सोडणे यांनाही तितकेच वजन द्यावे.

८. समारोप

उपलब्ध पुराव्यांची बेरीज केली तर तीन स्तरांची विधाने वेगळी करता येतात. शाळकरी वयातील खेळाडूंमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, नेमाने केलेला चेता-स्नायू वॉर्म-अप दुखापती कमी करतो, हे चांगल्या आधाराने म्हणता येते. तो हौशी बालनर्तकांनाही उपयोगी पडावा, हे सयुक्तिक अनुमान आहे. पण ते प्रामुख्याने दुसऱ्या खेळांवरून आणि व्यावसायिक नर्तकांवरून काढलेले आहे. कथक किंवा भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलांसाठी त्याचे नेमके कोणते रूप आणि किती मात्रा योग्य, हे ठरणे बाकी आहे. तिन्ही भूमिका ज्या गोष्टींवर एकमेकींना छेद देत नाहीत त्या मात्र आजच अमलात आणण्याजोग्या आहेत : थंड अंगावर जबरदस्तीचा ताण टाळणे, तीव्रता लयीबरोबर चढवीत नेणे, तोल आणि खुब्याचे बळ यांना दर वर्गात थोडा वेळ देणे, कार्यक्रमापूर्वीच्या तालमी एकदम न वाढविणे आणि प्रत्येक दुखण्याची तारखेसह नोंद ठेवणे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त असून, उरलेल्या प्रश्नांची उत्तरे तिच्याशिवाय मिळणार नाहीत.